‘ताई, कुठली गाडी सुटली?’

वाचकाचे पत्र

मी ४१ वर्षांची असून एका बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात काम करते. महिन्यातले बारा-पंधरा दिवस तालुक्याच्या गावी लॉजवर मुक्काम असतो. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावायचे ठरवले आहे. पण घरी जमवलेला सराव दौऱ्यावर गेले की मोडतो, म्हणून जिथे जाईन तिथे धावायचे असा हट्ट धरला आहे. परभणी जिल्ह्यात लॉजच्या गच्चीवर चाळीस मिनिटे गोल गोल धावले. एकदा एसटी स्टँडच्या आवारात धावत होते, तेव्हा एका कंडक्टरांनी विचारले, “ताई, कुठली गाडी सुटली?” रथसप्तमीला पहाटे सहा वाजता गुहागरच्या किनाऱ्यावर धावले, तर पुढचे तीन दिवस जिना उतरता येईना. सहकारी हसतात आणि आईला काळजी वाटते. हा हट्ट वेडेपणाचा आहे का? अनोळखी गावात कुठे धावावे हे कसे ठरवावे? शिवाय मे महिन्यात आम्ही विमानाने लेहला सहा दिवसांसाठी जाणार आहोत. तिथे धावता येईल का?

— एक वाचक, सातारा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला हट्ट वेडेपणाचा असेल, तर त्या वेडात आपल्याला फार मोठी सोबत आहे. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी बोस्टन मॅरेथॉनचे पूर्ण अंतर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात, पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलला जखडून घेऊन, ४ तास २४ मिनिटांत पार केले. २०२० च्या टाळेबंदीत फ्रान्समधील एका धावपटूने घराच्या जेमतेम सात मीटर लांबीच्या सज्जात येरझारा घालत मॅरेथॉन पुरी केली. त्यांच्या मानाने परभणीची गच्ची ऐसपैसच म्हणायची. मात्र एक फरक आपण मनाशी स्पष्ट ठेवावा. जागा विचित्र आहे म्हणून तिथे धावणे हा एक छंद आहे आणि सराव मोडू नये म्हणून मिळेल तिथे धावणे ही गरज आहे. आपली गरज आहे, त्यामुळे जागा जितकी कमी विचित्र तितकी आपल्या कामाची, आणि अशी साधी जागा महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी असते. ती फक्त गावाबाहेरच्या माणसाला ठाऊक नसते.

ती शोधण्याची माझी पद्धत सांगतो. गावात पोहोचल्यावर संध्याकाळी चहाच्या टपरीवर किंवा बँकेच्या शिपायाकडे एवढेच विचारावे, “भरतीची मुले पहाटे कुठे पळतात?” पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय दोघांनाही १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते, त्यासाठी गावोगावची तरुण पोरे पहाटे पाचला घराबाहेर पडलेली असतात. त्यांच्या भाषेत ते ‘ग्राउंडला जाणे’. कुठे ते ग्राउंड तालुका क्रीडा संकुल असते, कुठे कॉलेजचे मैदान, कुठे पोलीस परेड मैदान, तर कुठे अजून वाहतूक सुरू न झालेला बाह्यवळण रस्ता. या मुलांनी रस्त्याची परीक्षा आपल्यासाठी आधीच घेतलेली असते. कुत्री कुठे अंगावर येतात, कोणत्या वळणावर ट्रक दबा धरल्यासारखे येतात, दिवे कुठपर्यंत आहेत आणि कोणत्या विहिरीपाशी दारुडे बसतात, हे सारे त्यांना पाठ असते. कोणताही नकाशा किंवा मोबाइलमधले ॲप आपल्याला हे सांगणार नाही. ॲपवर रस्ता दिसतो, पण पहाटे साडेपाच वाजता त्या रस्त्यावर कोण असते ते दिसत नाही, आणि परगावी धावणाऱ्याचा खरा प्रश्न तोच असतो.

स्त्री म्हणून आपल्याला हाच प्रश्न अधिक जपून विचारावा लागतो, हे मी गृहीत धरतो. भरतीच्या तयारीतल्या मुली हल्ली बहुतेक गावांत दिसतात आणि त्या शक्यतो गटाने येतात. त्यांच्याशी आदल्या संध्याकाळी ओळख झाली, तर सकाळी सोबत मिळते. तशी ओळख झाली नाही, तर साडेसहानंतर फिरायला निघणाऱ्या स्त्रियांचा रस्ता धरावा. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, पण निर्मनुष्य रस्त्यावर एकटीने अंधारात धावण्याइतका कोणताही सराव महत्त्वाचा नाही. त्या गावात सलग चार दिवस मुक्काम असेल, तर रोज तीच वेळ आणि तोच रस्ता ठेवू नये. दोन्ही कानांत गाणी लावू नयेत. आणि आईला दोन गोष्टी रोज कळवाव्यात, निघाल्याची वेळ आणि परतल्याची वेळ. त्यांची काळजी त्यामुळे संपणार नाही, पण तिला वेळेचे बंधन येईल.

लॉजबद्दल एक सूचना, जी मला अनुभवाने मिळाली. मराठवाड्यातल्या एका गावी मी पहाटे पाचला बूट बांधून खाली आलो, तर लॉजचे शटर आतून कुलूपबंद आणि काउंटरवरचा मुलगा किल्ली उशाखाली घेऊन कुठल्या खोलीत झोपला आहे याचा पत्ता नाही. मागच्या बाजूला एक लोखंडी फाटक होते. ते ओलांडताना पँट अडकून गुडघ्यापर्यंत फाटली आणि शेजारच्या घरातल्या गृहस्थांनी बॅटरी मारून “कोण आहे रे तिकडे?” असा आवाज दिला. त्या दिवशीचा माझा सगळा व्यायाम त्यांना मी चोर नसल्याचे पटवून देण्यात झाला. तेव्हापासून खोली घेतानाच मी विचारतो, “सकाळी पाचला शटर कोण उघडेल?” आणि ज्याचे नाव सांगितले जाईल त्याला रात्री जेवणानंतर स्वतः भेटून आठवण करून देतो. बँकेचे किंवा सरकारी ओळखपत्रही खिशात असावे. देवळाली, कामठी किंवा खडकीसारख्या छावणीच्या गावांत सावलीचे, रुंद, धावायला मोहात पाडणारे रस्ते आहेत, पण पहारेकऱ्याने अडवल्यावर कागद दाखवता आला पाहिजे आणि त्याने ‘पुढे नाही’ म्हटले की हुज्जत न घालता मागे फिरता आले पाहिजे.

मैदान नसलेल्या गावात माझी पहिली पसंती कालव्याकाठच्या सेवारस्त्याला आहे. आपण परभणीचा उल्लेख केला आहे. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा त्याच जिल्ह्यात जातो. कालव्याला पाणी वाहण्यापुरताच उतार असल्यामुळे त्याच्या काठचा रस्ता जवळजवळ सपाट असतो आणि वाहने अगदी तुरळक. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलेले असेल, तर भल्या पहाटेही पाटकरी मोटारसायकलवरून फेऱ्या मारत असतो, शेतकरी बारे देत असतात आणि आपण एकट्या नसता. आवर्तन बंद असले की तोच रस्ता ओस पडतो, तेव्हा तिथे जाऊ नये. वेड्या बाभळीचे काटे बुटाच्या तळव्यातून थेट आत येतात, म्हणून नजर पायाखाली ठेवावी लागते. आणि तोंड धुण्यासाठीसुद्धा कालव्यात उतरू नये. काँक्रीटच्या अस्तराला शेवाळ धरलेले असते आणि पाय घसरला, तर चांगल्या पोहणाऱ्यालाही त्या उतारावरून वर येणे अवघड जाते.

कोल्हापूर-सांगलीकडे गाळप हंगामात गेलात, तर उसाच्या रस्त्यावर पहाटे धावू नये. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालत असतात, मागच्या ट्रॉलीला बहुधा दिवा नसतो आणि बाहेर लोंबणारा ऊस माणसाला सहज लागतो. इतर कोणत्याही रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसाच्या कडेने अंधारात धावणे म्हणजे बिबट्याच्या वेळेत त्याच्या वाटेवर जाणे. ताडोबाच्या आसपासच्या गावांत तर सूर्य वर आल्याशिवाय गावठाणाबाहेर पाऊलच टाकू नये. रेल्वेमार्गाच्या कडेची पायवाट अनेकांना सोयीची वाटते, परंतु रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मागून येणाऱ्या गाडीचा आवाज वारा कसा गिळतो हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो तिथे पुन्हा जाणार नाही.

कुत्र्यांविषयी आपण काही विचारलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. कुत्रे भुंकत अंगावर आले, तर धावणे तिथल्या तिथे थांबवावे, त्याच्या डोळ्यांत न पाहता बाजूला तोंड करून स्थिर उभे राहावे आणि मग हळूहळू चालत त्याची हद्द ओलांडावी. आपल्याकडची बहुतेक भटकी कुत्री दगड उचलण्यासाठी वाकण्याच्या नुसत्या आविर्भावानेच मागे सरतात. चावलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. तपासणीचे काम एक दिवस थांबेल, पण लस थांबवता येत नाही.

आता गच्ची. तालुक्याच्या लॉजच्या गच्चीवर एक फेरी साधारण साठ मीटरची पडते, म्हणजे पाच किलोमीटरसाठी ८३-८४ फेऱ्या. इतक्या लहान वर्तुळात मनगटावरचे घड्याळ उपग्रहाच्या आधाराने अंतर मोजताना हमखास चुकते, म्हणून तिथे अंतर न मोजता वेळ मोजावी. सतत डावीकडे वळत राहिल्याने एकाच घोट्यावर आणि गुडघ्यावर ताण येतो, त्यामुळे दर दहा फेऱ्यांनी दिशा बदलावी. कपडे वाळत घालायच्या तारा नेमक्या गळ्याच्या उंचीवर असतात, तेव्हा उजेडात एकदा गच्ची नीट पाहून घेतल्याशिवाय अंधारात धावू नये. आणि खालच्या मजल्यावर कुणी झोपलेले आहे, हेही विसरू नये. मला विचाराल, तर पावसाच्या दिवशी गच्चीपेक्षा लॉजचा जिना बरा. आपल्याला साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढायचा आहे, आणि सपाट मराठवाड्यात चढ मिळणार नाही. चार मजल्यांचा जिना दमाने चढावा, उतरताना कठडा धरून चालत उतरावे आणि असे वीस मिनिटे करावे. घाटात लागणाऱ्या मांड्या त्याने तयार होतात. एसटी स्टँड मात्र सोडून द्यावे. पहाटे गाड्या मागे घेतल्या जात असतात, फरशीवर डिझेल सांडलेले असते, आणि कंडक्टरांचा प्रश्न विनोदी असला तरी त्यामागचा मुद्दा बरोबर होता. स्टँडवर धावणारा माणूस कुणालातरी पकडायला निघाला आहे असेच सगळ्यांना वाटते, आणि अर्धे स्टँड वळून बघते.

गुहागरला आपल्या पोटऱ्या का धरल्या, याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. आपण रथसप्तमीला सकाळी सहा वाजता गेलात. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. सप्तमी म्हणजे सातची पाऊणपट, सव्वापाच. त्या दिवशी पहाटे सव्वापाचच्या सुमारास पूर्ण भरती होती आणि सहाला पाणी जेमतेम मागे सरू लागले असणार. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते, उधाणासारखे पाणी चढत नाही, तरीही ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा पाण्याखालीच राहतो. त्यामुळे आपण वरच्या कोरड्या, भुसभुशीत पुळणीवर धावलात. अशा वाळूत प्रत्येक पावलाला टाच खाली रुतते, पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची शीर नेहमीपेक्षा जास्त ताणली जाते, आणि रस्त्याची सवय असलेल्या पायांनी ते चाळीस मिनिटे सोसले, तर तीन दिवस जिना उतरवत नाही यात नवल नाही.

पुढच्या वेळी जाताना कॅलेंडरवरची तिथी पाहावी. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तास असतात, म्हणजे त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास पाणी पार आत गेलेले असते. द्वितीया-तृतीयेला पूर्ण ओहोटी आठ-साडेआठला येते, तेव्हा सहा-साडेसहाला निघाल्यास पाणी आपल्याबरोबर मागे हटत राहते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून घरमालकांना किंवा बंदरावरच्या कोळ्यांना विचारून खात्री करावी. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खाली पडतो. जितके अंतर जाल तितकेच त्याच पट्ट्यावरून परत यावे, म्हणजे दोन्ही पायांना सारखा भार मिळतो. वाटेत समुद्राला मिळणारा एखादा पऱ्या असेल, तर परतायची वेळ भरतीची नाही ना हे पाहावे. जाताना घोट्याएवढा असलेला प्रवाह येताना मांडीपर्यंत आलेला मी अनुभवला आहे. बूट काढू नयेत, कारण फुटक्या बाटल्या आणि जाळ्यातून टाकून दिलेल्या शिंगाळा माशांचे काटे वाळूत पडलेले असतात. मालवणच्या बाजूला कधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत असलेली दिसेल. दोन दोरांना वीस-वीस माणसे लागलेली असतात आणि दोर पुळणीवर आडवा ताणलेला असतो. तो उडी मारून ओलांडू नये, थांबावे. जाळे वर येईपर्यंत अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास वाया गेला असे मला आजवर कधी वाटलेले नाही.

लेहच्या बाबतीत मात्र मी आपल्या हट्टाच्या बाजूने उभा राहणार नाही. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या अडीचपट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांशच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला मिळणारा प्राणवायू तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. रस्त्याने जाणाऱ्याचे शरीर वाटेत थोडेफार सरावते. विमानाने जाणाऱ्याला ही सवलत नसते. तिथे २०१२ पासून मॅरेथॉन होते आणि खारदुंगला मार्गे ७२ किलोमीटरची शर्यतही होते, हे आपण वाचले असेल. पण ती धावणारी माणसे बऱ्याच दिवसांपूर्वी तिथे जाऊन राहिलेली असतात. आपल्याला सहाच दिवस आहेत.

पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी, बाजारात रमतगमत फेरी मारण्यापलीकडे काहीही करू नये. पहिल्या दिवशी बहुतेकांना फार बरे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. विरळ हवेचा त्रास काही तासांनी, बऱ्याचदा रात्री सुरू होतो: डोके ठणकणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे. सकाळी हौसेने शांती स्तूपाच्या पाचशेहून अधिक पायऱ्या धावत चढलेला तगडा तरुण रात्री प्राणवायूच्या नळीला लागलेला मी पाहिला आहे. शरीर कमावलेले असणे इथे उपयोगी पडत नाही, उलट कमावलेल्या माणसाला थांबणे जमत नाही म्हणून तो अधिक अडचणीत येतो. तिसऱ्या दिवशी तासभर चालावे. चौथ्या दिवशी डोके पूर्ण शांत असेल आणि भूक नेहमीसारखी असेल, तर वीस मिनिटे, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या संथ गतीने धावायला हरकत नाही. वाक्य मध्येच तुटू लागले की चालावे. सिंधूच्या काठी शे आणि ठिकसे गावांतले आतले रस्ते सपाट आहेत. हमरस्त्यावर लष्करी वाहनांचे तांडे असतात, तिथे धावू नये. पहाटेचा हट्ट इथे सोडावा, कारण थंडी बोचरी असते आणि लेहमधली भटकी कुत्री पहाटे टोळ्यांनी फिरतात. ऊन आल्यावर, नऊच्या पुढे निघावे. ज्या दिवशी खारदुंगला किंवा त्याहून दूरच्या तळ्यांकडे सहल असेल, त्या दिवशी धावण्याचा विचारही नको. खारदुंगलाची उंची ५,३५९ मीटर आहे, तिथे गाडीतून उतरून चार पावले टाकली तरी धाप लागते.

जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि विरळ हवेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या आपल्याला चालतात का हे त्यांनाच विचारावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. सहा दिवस कमी धावल्याने आपला सराव मोडणार नाही. चार महिन्यांच्या तयारीत एक हलका आठवडा असावाच लागतो, तो लेहला घ्यावा. चौथ्या दिवशीही सकाळी डोके दुखत असेल, तर बूट पिशवीतच राहू द्यावेत. दुखणे वाढले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर थेट रुग्णालय गाठावे आणि लवकरात लवकर खाली उतरण्याची व्यवस्था करावी. विमानाचे परतीचे तिकीट बदलता येणारे घ्यावे, असे मी सुचवीन.